पुरंदरची राहून गेलेली बँक

वारणा तशी लहान नदी. सह्याद्रीत चांदोलीच्या बाजूला उगम पावते आणि शिराळा-वाळव्याला डाव्या हाताला, शाहूवाडी-पन्हाळ्याला उजव्या हाताला ठेवत सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. पण १७३१ साली साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज यांच्यात तह झाला, तेव्हा दोन गाद्यांमधली हद्द म्हणून हीच नदी धरली गेली. पुढे साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं आणि उत्तरेचा काठ कंपनी सरकारकडे गेला. दक्षिणेचा काठ कोल्हापूर दरबाराचाच राहिला. आज वारणानगर उभं आहे तो कोडोलीजवळचा माळ त्यातच आला.

नदीच्या दोन काठांवर दोन कायदे कसे चालत, याचं एक ठळक उदाहरण १८७९ सालचं आहे. त्या वर्षी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता शेतकऱ्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी एक कायदा झाला. वाळवा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात. त्यामुळे तिथल्या शेतकऱ्यावर सावकारानं फिर्याद केली, तर कोर्टाला नुसता रोखा बघून हुकूमनामा देता येत नव्हता. मूळ रक्कम किती, व्याज किती, आतापर्यंत फेड किती, हे खणून काढणं कोर्टावर बंधनकारक होतं. नदी ओलांडून कोडोलीला आलं की हा कायदा संपला. माणसं तीच, जात तीच, सोयरीक दोन्ही काठांवर, जोंधळा आणि ऊसही तोच. फक्त कर्जाला दुसरा न्याय.

या कायद्यावर 'हे अर्धंच काम झालं' असं उघडपणे म्हणणारा एक स्कॉटिश न्यायाधीश त्या वेळी पुण्याच्या बाजूला नोकरीला होता. नाव विल्यम वेडरबर्न. पुढं दोनदा काँग्रेसचा अध्यक्ष झाला म्हणून इतिहासाच्या पुस्तकात त्याला एक ओळ मिळते. मला मात्र त्याची अध्यक्षपदं फारशी महत्त्वाची वाटत नाहीत. पुरंदर तालुक्यात त्यानं काढायला घेतलेली आणि शेवटपर्यंत न निघालेली बँक जास्त महत्त्वाची वाटते. वारणेच्या काठी बसून विचार केला तर ती बँक फार ओळखीची वाटू लागते.

स्कॉटलंडची माणसं जगभर गेली. १८४८ साली न्यूझीलंडच्या ओटागोत त्यांनी जहाजं भरून वस्ती केली, रान तोडलं, आपले प्रांतिक अधिकारी आपणच निवडले. महाराष्ट्रात तसं झालं नाही. इथे स्कॉटिश माणूस आला तो नोकरीला. एल्फिन्स्टन डंबार्टनशायरचा, महाबळेश्वर वसवणारा माल्कम स्कॉटलंडच्या दक्षिण सरहद्दीचा, मुंबईचा मिशनरी जॉन विल्सन लॉडरचा. पुण्याच्या कॉलेजला ज्याचं नाव आहे तो गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन एडिंबरोत जन्मलेला, आणि मुंबईला येण्याआधी न्यूझीलंडचा गव्हर्नर होऊन आलेला. ही माणसं राहत, राज्य करत, आणि पेन्शन घेऊन परत जात. वेडरबर्नही परत गेला. पण पेन्शनीचं त्यानं काय केलं ते पुढं येईलच.

त्याचा जन्म २५ मार्च १८३८ चा, एडिंबरोचा. घराणं सरदारकीचं, पण सरदारकीच्या मागे बरंच काही होतं. पणजोबा स्टुअर्ट घराण्याच्या बाजूनं कलोडनच्या लढाईत उतरले आणि १७४६ साली लंडनमध्ये फासावर गेले. जहागीर गेली, तेव्हा आजोबा जॉन वेडरबर्न जमेकाला गेले आणि गुलामांच्या जिवावर ऊस पिकवून श्रीमंत होऊन परतले. येताना त्यांनी जोसेफ नाइट नावाच्या गुलामाला सोबत आणलं होतं. स्कॉटलंडच्या जमिनीवर आपण गुलाम नाही, असं म्हणत नाइटनं मालकाला कोर्टात खेचलं आणि १७७८ साली एडिंबरोच्या सर्वोच्च कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. स्कॉटलंडमध्ये गुलामगिरीला कायद्याचा आधार नाही, हे त्या निकालानं ठरलं. ज्या घरातले आजोबा हा खटला हरले त्याच घरातला नातू पुढं शेतकऱ्याच्या बाजूनं कर्जखतांवर शंका घेतो, यात काही दैवी न्याय शोधायची मला हौस नाही. पण कागदावरचा करार आणि माणसाची खरी अवस्था यांत अंतर असू शकतं, हे त्या घराला कोर्टात हरून कळलेलं होतं, एवढं खरं.

वडीलही मुंबई इलाख्यात सनदी नोकरीत होते. थोरला भाऊ जॉन १८५७ च्या उठावात हिसारला बायको-मुलासह मारला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी विल्यमनं सनदी परीक्षा दिली, तिसरा आला, आणि १८६० च्या अखेरीस मुंबईत उतरला. पहिली नेमणूक धारवाडला. भाऊ असा गेल्यावर हिंदुस्थानी माणसाचा द्वेष करत नोकरी केली असती, तर कुणी नवल केलं नसतं. तसा द्वेष तेव्हा क्लबांमधून भरपूर होता. वेडरबर्न त्या वाटेला गेला नाही.

पुढची वर्षं न्यायखात्यातली. जिल्हा न्यायाधीशाच्या खुर्चीवरून त्याला जे दिसलं, ते समजून घ्यायचं तर त्या काळचा एक रोखा डोळ्यांसमोर आणावा लागतो. शेतकऱ्यानं शंभर रुपये उचलले. व्याज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे त्या काळी काही फार अघोरी नाही. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं साध्या रोख्याचा दावा तीन वर्षांत लावावा लागे. हेतू चांगला होता, जुनी भुतं उकरून काढता येऊ नयेत. झालं उलटंच. तीन वर्षं भरत आली की सावकार शेतकऱ्याला बोलावून नवा रोखा लिहून घेई, आणि आतापर्यंतचं व्याज मुद्दलात जमा होई. शंभराचे तीन वर्षांत एकशे बहात्तर. सहा वर्षांत दोनशे शहाण्णव. नऊ वर्षांनी पाचशेच्या वर. शेतकऱ्यानं मधे दिलेल्या धान्याची नोंद कुठं असे, कुठं नसे. दावा लागला की समन्स निघे, शेतकरी कोर्टात जात नसे, कारण कोर्ट वीस-पंचवीस कोस लांब आणि वकील परवडत नाही. एकतर्फी हुकूमनामा होई. मग जप्ती.

हे सगळं १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला फुटलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले होते आणि त्यातच नव्या पाहणीनं सारा वाढवला होता. लोकांनी सावकारांची घरं गाठली आणि रोखे, खातेवह्या मागून घेऊन जाळल्या. माणसांच्या जिवाला त्यांनी फारसा हात लावला नाही, त्यांचा राग कागदावर होता. सरकारनं चौकशी कमिशन नेमलं आणि चार वर्षांनी तो १८७९ चा कायदा आला.

वेडरबर्नचा आक्षेप साधा होता. सावकाराचे हात बांधले, ठीक. पण शेतकऱ्याला बियाणाला, बैलाला, लग्नाला पैसा लागतोच. सावकार देईनासा झाला की तो कुठं जाणार? तगाईची सरकारी रक्कम तुटपुंजी आणि तिच्यासाठी कारकुनाच्या दारात खेटे. या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी १८८१ पासून महादेव गोविंद रानडे गावोगाव फिरत होते, आणि त्यांनाही हेच दिसत होतं. रानडे हिंदुस्थानी न्यायाधीश आणि वेडरबर्न गोरा. पण दोघांची मैत्री वरिष्ठांच्या डोळ्यांत खुपण्याइतकी घट्ट होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं आणि गणेश वासुदेव जोश्यांनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी, लवाद कोर्ट काढलं होतं, त्यालाही वेडरबर्नचा पाठिंबा. गावातला तंटा गावाच्या पंचांनी गावातच मिटवावा, तालुक्याच्या कोर्टात त्याचा चोथा होऊ नये, हे त्याचं आवडतं मत.

या मतातूनच पुरंदरची योजना निघाली. कल्पना अशी: एक तालुका घ्यायचा. तिथल्या शेतकऱ्यांची सगळी जुनी कर्जं तपासायची, सावकारांशी तडजोड करून रक्कम ठरवायची आणि ती एकदाची चुकती करायची. या कामासाठी सरकारनं उचल द्यावी. पाटी कोरी झाली की बँक सुरू करायची. भांडवल पुण्यातल्या धनिकांचं. व्याज माफक. आणि सर्वांत महत्त्वाचं, बँकेच्या वसुलीसाठी सरकारी महसूल यंत्रणेची मदत मिळावी, म्हणजे प्रत्येक हप्त्यासाठी कोर्टात जावं लागणार नाही. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्चही माफ असावा. १८८२ मध्ये पुण्यात सभा झाली, धनिक पुढं आले. १८८३ मध्ये वेडरबर्न रजेवर लंडनला असताना एक्झेटर हॉलमध्ये जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि त्यानं ही योजना इंग्रज श्रोत्यांपुढे मांडली. लॉर्ड रिपनच्या हिंदुस्थान सरकारनं ती उचलून धरली आणि १८८४ मध्ये तसा खलिता विलायतेला पाठवला.

इंडिया ऑफिसनं ती फेटाळली. खासगी बँकेच्या पैशाची वसुली सरकारनं करायची आणि जुनी कर्जं सरकारी पैशानं निवारायची, हे लंडनला पटलं नाही. खरं सांगायचं तर या नकारात थोडं शहाणपणही होतं. पुण्याच्या धनिकांची बँक उद्या सावकारच झाली तर तलाठी आणि मामलेदार तिचे वसुली कारकून होणार होते. जर्मनीत रायफायझेननं तोवर गावच्या शेतकऱ्यांच्याच पतपेढ्या उभ्या केल्या होत्या. सभासद तोच कर्जदार आणि तोच जामीन. पुरंदरच्या योजनेत शेतकरी फक्त ऋणको होता. ही तिची खरी उणीव, आणि ती लंडनच्या नव्हे, पुण्याच्या बाजूची होती. पण एका तालुक्यात करून बघायला काय हरकत होती? आणि बघितलंच नाही तर उणीव कळणार कशी?

याच वर्षांत स्थानिक स्वराज्याचा दुसरा डाव मांडला जात होता. १८ मे १८८२ चा रिपनचा ठराव आपण शाळेत पाठ केलेला असतो. त्यातून मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा आला. जिल्ह्याला एक बोर्ड, तालुक्याला एक. वेडरबर्न या ठरावाच्या बाजूचा होता, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांत तसे फार नव्हते. बोर्डांच्या हाती काय आलं? साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड. त्यातून रस्ते, धर्मशाळा, शाळा, विहिरी, देवी काढणं. अध्यक्षपदी कलेक्टर, तालुक्याला प्रांत अधिकारी. सभासदांत इनामदार, सावकार आणि वकील. गावच्या पाटलाला बोलावणं आलं तर तो कोट घालून जाई आणि कलेक्टरसाहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवून परत येई. बोर्डांवर कलेक्टरची सावली पुढं कितीतरी वर्षं राहिली. मुंबईचा सुधारलेला लोकल बोर्ड कायदा १९२३ चा, गावपंचायतींचा १९२० चा.

वेडरबर्नचं वेगळेपण इथे आहे, असं मला वाटतं. रिपनच्या ठरावावर टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते. गावाला मत द्यायचा अधिकार मिळाला आणि पत मात्र सावकाराकडेच राहिली, तर ते स्वराज्य सावकाराच्या ओसरीवरच भरणार, हे ज्यांना कळलं होतं त्यांत तो होता. म्हणून पंचायत, लवाद आणि बँक या तीन गोष्टी तो एकदम बोलत असे. आजही त्यातली एकच उचलून दोन सोडून देण्याची आपल्याला सवय आहे.

पुण्यातलं त्याचं बाकीचं काम भराभर सांगता येईल. २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, त्या सभेचा अध्यक्ष तोच. टिळक आणि आगरकर तेव्हा एकाच फळीत होते आणि दोनच वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या प्रकरणात, दिवाण बर्व्यांच्या अब्रुनुकसानीबद्दल, डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढून आलेले. तुरुंगातून आलेल्या पोरांच्या संस्थेच्या सभेत जिल्हा न्यायाधीशानं अध्यक्ष होणं हे त्या काळी साधं नव्हतं. त्याच वर्षी मुलींची हायस्कूल शाळा निघाली, आज जिला आपण हुजूरपागा म्हणतो. तिला त्यानं वारलेल्या भावाच्या, सर डेव्हिडच्या, स्मरणार्थ मोठी देणगी दिली. डेव्हिड १८८२ मध्ये गेल्यावरच विल्यम 'सर' झाला होता.

मुंबई हायकोर्टात त्यानं हंगामी न्यायाधीश म्हणून काम केलं, १८८७ मध्ये मुंबई सरकारचा हंगामी मुख्य सचिव असताना तो निवृत्त झाला. 'हंगामी' हा शब्द त्याच्या नोकरीला चिकटूनच राहिला. नेटिवांचा कैवार घेणाऱ्याला कायम खुर्ची मिळत नसे.

त्यानंतरचं राजकारण बऱ्याच जणांनी लिहिलेलं आहे. १८८९ च्या मुंबई काँग्रेसचा तो अध्यक्ष, आणि गंमत म्हणजे त्या अधिवेशनाला प्रतिनिधीही १८८९ आले होते. त्याच वर्षी लंडनमध्ये काँग्रेसची ब्रिटिश कमिटी स्थापन झाली. तिचा तो मरेपर्यंत अध्यक्ष राहिला. 'इंडिया' नावाचं पत्र त्या कमिटीनं चालवलं. हिंदुस्थानातून वर्गणी यायची ती उशिरा आणि अपुरी, आणि खड्डा वेडरबर्न स्वतःच्या पैशानं भरायचा. महाराष्ट्राच्या शेतसाऱ्यातून मिळालेलं पेन्शन त्यानं असं परत केलं. १८९३ ते १९०० तो बॅनफशायरचा खासदार होता, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनवर दादाभाई नौरोजींबरोबर बसला, १८९७ च्या प्लेगच्या वेळी गोपाळ कृष्ण गोखल्यांची लंडनमध्ये खासदारांशी गाठ त्यानंच घालून दिली. तिथे प्लेगच्या बंदोबस्तावर केलेल्या आरोपांबद्दल पुराव्याअभावी गोखल्यांना माफी मागावी लागली आणि वेडरबर्नलाही पार्लमेंटात टोमणे खावे लागले. मैत्री तुटली नाही. १९१० ला बहात्तराव्या वर्षी अलाहाबाद काँग्रेसचं अध्यक्षपद घ्यायला तो पुन्हा बोटीत बसला, फुटलेल्या गटांना जोडता आलं तर बघावं म्हणून. जोडता आलं नाही. २५ जानेवारी १९१८ ला ग्लॉस्टरशायरमध्ये वारला.

आता वारणेकडे. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात या खोऱ्यातला ऊस गुऱ्हाळात जाई, गूळ कोल्हापूरला शाहूपुरीच्या बाजारात. शेतकऱ्याला उचल देणारा अडत्या आणि गूळ विकत घेणाराही तोच अडत्या. भाव तो सांगेल तो. १९०४ चा सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला, १९१२ ला सुधारला, सोसायट्या निघाल्या, काही चालल्या, पुष्कळ बसल्या. स्वातंत्र्यानंतर गोरवाला समितीनं देशभर पाहणी केली तेव्हा १९५१-५२ साली शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा निघाला ३.१ टक्के. पन्नास वर्षांच्या सहकारी कायद्याची ही कमाई. समितीनं शिफारस केली की सरकारनं सहकारी संस्थांत भागीदार व्हावं. म्हणजे लंडननं १८८४ मध्ये जे नाकारलं, ते सत्तर वर्षांनी दिल्लीनं स्वीकारलं. प्रवरेला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये कारखाना उभा करून दाखवलाच होता. वारणेच्या माळावर विश्वनाथअण्णा कोरे, म्हणजे तात्यासाहेब, यांनी कोडोली परिसरातल्या शेतकऱ्यांचे भाग गोळा केले आणि दशक संपता संपता कारखान्याचं धुराडं पेटलं. मागाहून शाळा-कॉलेज, दूध संघ, बाजार, मुलांचा वाद्यवृंद.

या खोऱ्यातल्या ऊसकऱ्याच्या हातातला बिलाचा कागद एकदा नीट वाचावा. वर टनेज आणि दर. खाली कपातीची रांग: सोसायटीचं पीककर्ज, खत, पाणीपुरवठा संस्थेची पट्टी, ठेव. शेवटी उरलेली रक्कम खात्यावर. पुरंदरची बँक जिथे अडकली तो प्रश्न या एका रांगेत सुटलेला आहे. वेडरबर्नला वसुलीसाठी मामलेदार हवा होता. इथे मामलेदार लागतच नाही. सोसायटी कर्ज देते, सातबाऱ्यावर बोजा चढतो, ऊस कारखान्याला जातो आणि पैसे शेतकऱ्याच्या हाती येण्याआधी सोसायटीचे कापले जातात. माल घेणारा आणि कर्ज वसूल करून देणारा एकच, अगदी शाहूपुरीच्या अडत्यासारखा. फक्त त्या अडत्याचा मालक कागदावर तरी शेतकरी आहे. ज्याच्याकडे ऊस नाही, त्याची गोष्ट वेगळी. कोरडवाहू शाहूवाडीच्या डोंगरकपारीतल्या शेतकऱ्याला हा कागद मिळत नाही, आणि त्याची सोसायटी म्हणूनच कायम थकबाकीत असते.

सत्तेचंही तसंच झालं. लोकल बोर्डाच्या जागी १९६२ मध्ये जिल्हा परिषद आणि पंचायत समिती आली, मत सगळ्यांना मिळालं. पण पश्चिम महाराष्ट्रात कुठल्याही गावच्या पारावर विचारा, चुरस कुठल्या निवडणुकीत जास्त असते. कारखान्याच्या. पत जिथे गेली, पाठोपाठ राजकारण तिथेच गेलं.

पुरंदरच्या योजनेतली एक गोष्ट मात्र वारणेनं नव्हे, सरकारनं घेतली, तीही अर्धी. वेडरबर्न-रानड्यांचा क्रम असा होता: आधी जुनं कर्ज तपासायचं, खरं किती ते ठरवायचं, तडजोडीनं कमी करायचं, शेतकऱ्याकडून ते हप्त्यांनी घ्यायचं आणि लगेच नव्या कर्जाची सोय उभी करायची. २००८ ची केंद्राची कर्जमाफी झाली, मग राज्याची २०१७ ची, मग २०१९ ची. याद्या लागल्या, निकष बदलले, अर्ज ऑनलाइन झाले. खरं कर्ज किती आणि कुणाचं, ही तपासणी बँकेच्या नोंदींपुरती राहिली; खासगी सावकाराचा रोखा कुणाच्या यादीत आलाच नाही. आणि माफीनंतरच्या हंगामात थकबाकीदाराला नवं पीककर्ज वेळेवर मिळालं की नाही, हे विचारायला पुन्हा तो तालुक्याच्या बँकेच्या दारात उभा.